ठोके वाचवणारा माणूस

घर भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात याचा मला भरपूर अनुभव आहे. नवरा काय करतो, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं; जातही विचारतात, फक्त आडवळणानं. पण भाडं ठरवायच्या आधी माझी नाडी पाहणारा घरमालक मला आयुष्यात एकच भेटला.

भंडारा जिल्हा फुटून दोन झाले तेव्हा माझं माहेर गोंदियाकडे गेलं आणि माझी नोकरी भंडाऱ्याकडे राहिली. पुढे बदली होऊन मी जवाहरनगरच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेवर आले. नवरा नागपूरला, मी इकडे. गावात खोली शोधत फिरताना कुणीतरी या घराकडे बोट दाखवलं. घरमालक काकाजी छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्चीवर बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि समोरची खुर्ची दाखवली. मग खुणेनंच सांगितलं: पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, बोलू नका. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे न पाहता बसून राहिलो. मला वाटलं, यांच्याकडे कुणी गेलं असेल, मौन पाळताहेत. तेवढ्यात दारातून एक किरकोळ अंगाची बाई हसत म्हणाली, "हात द्या न त्याईच्या जवळ. नाडी पाह्यल्याबिगर खोली नाही देत ते."

त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं टेकवली आणि दुसऱ्या हातातलं चावीचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं.

"चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "बसनं आल्या का?"

"हो."

"मंग चालते. उद्या कमी होईन. एक भाडेकरू आला होता, बसल्या जागी एकशेदहा. मी म्हनलं, भाऊ, तुमी दुसरीकडं पाहा. असा मानूस जिना चढते तं धाडधाड चढते, खाली आमचा जीव दचकते."

गाव त्यांना हसायचं. पहिलं वर्षभर मीही हसले. आता हसू येत नाही, कारण ज्या घरात हा जपणुकीचा कारभार चालला होता तिथून आधी गेल्या त्या काकू, दारात हसत उभी असलेली ती किरकोळ बाई. त्यामुळे हे सांगताना माझा सूर मधूनमधून कडू होईल. तो मी गोड करत बसणार नाही.

काकाजींची अख्खी नोकरी बारुदाच्या कारखान्यात गेली. त्यांच्या सेक्शनमध्ये धावायला मनाई, लोखंडी हत्यार न्यायला मनाई, खिळ्याचे जोडे घालायला मनाई. हातातून वस्तू पडू द्यायची नाही, कुणाला मागून हाक मारायची नाही. शिस्त चांगलीच होती, तिथं तशीच हवी. पण रिटायर झाल्यावर साहेबांनी शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला आणि काकाजी ती शिस्त घरी घेऊन आले. त्याच्या आधीच त्यांचे वडील धानाच्या बांधीत चिखल करता करता बसले ते उठलेच नाहीत, आणि मोठा भाऊ पुतण्याच्या वरातीत बँडसमोर नाचता नाचता गेला. दोघंही साठीच्या आत. भावाला पोचवून आल्यावर काकाजींनी आपला सिद्धांत पक्का केला: माणसाला ठोके मोजून मिळालेले असतात. नाचून, धावून, चिडून उडवले की लवकर संपतात. सांभाळून वापरले की पुरतात.

"कोनी देल्ले मोजून?" मी एकदा विचारलं होतं. छपरीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, बाकी देवाधर्माचं काहीच नव्हतं.

"कोनी देल्ले ते मले मालूम नाही. देव मी मानत नाही. पन देल्ले ते मोजूनच."

आतून काकू म्हणाल्या, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, सारे देव घराबाहेर काहाडले, अन हा एक मापारी तेवढा ठेवला."

काकाजी नाकातून हसले. हसायचं ते नाकातूनच, छाती हलू द्यायची नाही.

त्या घराला बेल नव्हती. आलेल्या माणसानं फाटकापाशी उभं राहून हळू खाकरायचं. क्रिकेटची मॅच ते दुसऱ्या दिवशी पाहत, निकाल पेपरात वाचून झाल्यावर. जिन्याच्या पायऱ्या त्यांनी घर बांधल्यापासून चढल्या नव्हत्या. स्वतःच्या घराचा वरचा मजला त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतला, पंखा कुठे लावला, खिडकीतून तलाव दिसतो का. गल्लीत कुठे भांडण लागलं की ते उठून आत जात आणि दार लोटून घेत. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी सोडला होता, चहा अर्धा कप, तोही फिका. लोक म्हणायचे, काकाजींना कधी राग येत नाही, काय शांत माणूस आहे. राग येत नव्हता कारण राग करायचं काम त्यांनी काकूंकडे दिलं होतं. नालीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी काकू भांडायच्या, बिल जास्त आलं की बिजली ऑफिसात काकू जायच्या, रेशनच्या रांगेत काकू उभ्या राहायच्या. घरामागच्या सांदवाडीतला भाजीपाला काकूंचा, दीड एकर धानाची रोवणी काकूंची, बोरिंगवरून पाण्याचे गुंड काकूंच्या डोक्यावर. त्यांनी वाचवलेला प्रत्येक ठोका त्या घरात दुसरं कुणीतरी खर्च करत होतं, आणि ते कोण हे सगळ्या गावाला दिसत होतं.

बातमी सांगायची तर एक पद्धतच पडली होती. आधी म्हणायचं, सगळं ठीक आहे. मग त्यांना टेकून बसवायचं, कोमट पाणी द्यायचं, थोडं थांबायचं आणि मग सांगायचं. चांगली बातमीसुद्धा अशीच. वाईट बातमी तर मुरवून, जुनी करून. त्यांची एकुलती मुलगी पवनीला दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण फसलं, बाळ हाती लागलं नाही. हे पावसाळ्यात झालं आणि काकाजींना दिवाळीत कळलं. मुलगी माहेरी आली होती, तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवला. पण तोवर तिचं रडून झालं होतं. ती नुसती बसून राहिली आणि थोड्या वेळानं भांडी घासायला उठली.

मी काकूंना विचारलं होतं, तुम्हाला याचा कंटाळा नाही येत?

"येते न," त्या म्हणाल्या. "पन भासरे वरातीत गेले तवापासून भेव बसलं त्याईच्या मनात. भेलेल्या मानसाले काय मारता?"

आणखी एक कारण होतं. ते त्या बोलल्या नाहीत, मी वरून पाहिलं. रोज सकाळी चहाच्या आधी काकाजी स्वतःची नाडी पाहत आणि मग काकूंची. काकू ओला हात पदराला पुसून पुढे करायच्या. घड्याळाचा काटा एक फेरा पूर्ण करेपर्यंत तो हात त्यांच्या हातात असायचा. "बहात्तर," ते म्हणायचे. "तुह्यी मशीन अव्वल हाये." दिवसभरात ते काकूंचा हात तेवढाच धरत असावेत. काकूंच्या तोंडावर तेव्हा जे दिसायचं ते नव्या नवरीच्या तोंडावर दिसतं. मला त्या वेळी काकाजींचा राग यायचा नाही.

बसून राहिल्याचं व्हायचं ते झालं. काकाजींचं पोट सुटलं आणि नाडी चढायला लागली. नोकरीत असताना सत्तरीतली, ती ऐंशीत गेली, मग नव्वदीकडे सरकली. ते घाबरून आणखी कमी हलायला लागले. अंगणातली झाडं त्यांना पाणी घालायला आवडायचं, ते सोडलं. विहारात जाणं सोडलं. शेवटी मुलीनं हट्ट धरून भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, रोज चालायला जा. ज्याचं हृदय कामाला सरावलेलं असतं ते एका ठोक्यात जास्त रक्त टाकतं, म्हणून त्याची बसल्या वेळची नाडी कमी असते. बसून राहणाऱ्याच्या हृदयाला जास्त वेळा हलावं लागतं. मग डॉक्टरनं दंडाला बीपीचा पट्टा बांधला. तो आवळायला लागला तसे काकाजी घामाघूम झाले आणि आकडा भलताच आला. थोडं बसा, पुन्हा पाहू, असं डॉक्टर म्हणेस्तोवर ते बाहेर येऊन ऑटोत बसले होते.

"तो म्हनते, खर्च वाढवा," घरी आल्यावर ते मला म्हणाले. "त्याच्या बापाचं काय जाते? अन ह्या पट्ट्याचं तं आयकूच नका. मोजल्यानं जे वाढते ते मोजाचंच कायले?"

तेव्हापासून त्या घरात पट्ट्याला बंदी झाली.

पुढे उन्हाळ्यात उपकेंद्रातल्या सिस्टर घरोघर बीपी तपासत आल्या. काकाजींनी त्यांना फाटकातच धरलं. इथं पट्टा बांधायचा नाही, पाहिजे तर नाडी सांगतो. सिस्टर आमच्या शाळेत लसीकरणाला येणाऱ्या, गावातल्या सगळ्यांना ओळखणाऱ्या. त्यांनी उन्हात उभं राहून समजावलं.

"काकाजी, नाडी अलग अन बीपी अलग. नाडी म्हंजे मिनिटात ठोके किती. बसल्या बसल्या साठ ते शंभरात राहिली तं ठीक. बीपी म्हंजे रक्ताचा नळीवर जोर किती. तो एकशेवीस-ऐंशीच्या आसपास पायजे. घडीघडी एकशेचाळीस-नव्वदच्या वर आला तं दवाई लागते. नाडी बराबर असून बी जोर वाढलेला राहू शकते. मानूस कामं करते, फिरते, त्याले काही समजत नाही. तुमचं राहू द्या, काकूचं तं पाहू द्या."

काकाजींनी काकूंना हाक मारली, मनगट धरलं, घड्याळ पाहिलं.

"बहात्तर. लिहून घ्या."

"काकाजी, मी काय सांगून राहिली अन तुमी काय सांगून राहिले."

"बहात्तर हाये म्हनलं न. इच्या मशीनले काय होते?"

काकू हसल्या. सिस्टरना आत बोलावून त्यांनी पन्हं दिलं आणि ते पिऊन सिस्टर पुढच्या घरी गेल्या.

त्याच पावसाळ्यात काकूंचं डोकं मागून जड व्हायला लागलं. सकाळी उठल्या की मानेमागे धरायच्या, पदर कपाळाला आवळून बांधायच्या आणि पित्त आहे म्हणायच्या. रोवणीचे दिवस होते, दिवसभर वाकून गुडघाभर चिखलात. मी म्हटलं, तपासून या. म्हणाल्या, "गेली होती न मी. काही नाही म्हनलं." मी पुन्हा एकदा विचारलं तरी तेच म्हणाल्या.

दसरा होऊन गेला होता, लवकर पिकणारा हलका धान कापून घरी आला होता. शनिवारची अर्धी शाळा करून मी नागपूरची बस धरायला पिशवी भरत होते. खाली अंगणात काकू धान पाखडत होत्या, सुपाचा आवाज येत होता. तो थांबला. मी सहज खिडकीतून पाहिलं. काकू खाली बसल्या होत्या, सूप उलटं पडलं होतं, आणि त्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. मी जिना उतरून गेले तोवर तोंड एका बाजूला ओघळलं होतं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, शब्द फुटत नव्हता.

"काकाजी, ऑटो आणा," मी ओरडले. त्या घरात मी ओरडले ते पहिल्यांदाच.

काकाजी छपरीत उभे राहिले. आणि त्यांची बोटं आपल्याच मनगटाकडे गेली. मी ते पाहिलं आहे. सवयीनं गेली, हे मला कळतं. तरी ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मग त्यांनी हात सोडला आणि ते धावले. अनवाणी, लुंगी एका मुठीत धरून, गल्लीतून सरळ. त्यांना धावताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. बाया दारात आल्या, पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. रोडवर जाऊन ते दोन्ही हात पसरून एका भरलेल्या ऑटोसमोर उभे राहिले. माणसं उतरवून तो ऑटो घेऊन आले. मी काकूंना मांडीवर घेऊन बसले, काकाजी पुढे ड्रायव्हरजवळ. भंडाऱ्यापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता.

"बीपीची गोळी चालू होती का?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिची नाडी बहात्तर हाये," काकाजी म्हणाले. "रोज पाहतो मी. आज सकाळी बी पाह्यली."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहून तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, मला माहीत नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आत न्यायला लागले तेव्हा आम्हाला बाहेर बसवलं.

बाकावर काकाजी माझ्या शेजारी बसले. पायाच्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, मी घरापासून रोडपावतर धावलो."

"हो, काकाजी."

"सारा रस्ता धावलो. मले काहीच नाही झालं."

थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. त्यांच्या आवाजात सुटका नव्हती, भीती होती. इतकी वर्षं जे जपलं त्याची गरजच नव्हती, हे त्यांना त्या बाकावर कळत होतं, आणि आत काकू होत्या. मला त्यांची कीव आली. राग होताच, तोही गेला नाही. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला तेव्हा कळलं.

काकू तिसऱ्या दिवशी गेल्या. शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

काकाजी आहेत अजून. मी बदलून गेले तरी कधी त्या बाजूला गेले की भेटते. रोज सकाळी ते तलावाच्या पाळीवर चालतात. पोट उतरलं, बीपीची गोळी ते न चुकता घेतात. नाडी अडुसष्टवर आली, असं त्यांनीच मला सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. बोरिंगवरून पाणी स्वतः आणतात. गावातले लोक म्हणतात, बायको गेल्यावर बुढा सुधारला. मला हे वाक्य ऐकवत नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते काकूंच्या मरणानंतरच्या जलदानाच्या दिवसाचं. भन्तेजी विधी करून गेले होते, माणसं जेवून उठली होती. अंगणातल्या मांडवात घरचे तेवढे उरले होते: काकाजी, त्यांची मुलगी, जावई आणि मी. उन्हं उतरताना सिस्टर आल्या. मुलीजवळ बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःच रडायला लागल्या. मग डोळे पुसून काकाजींना म्हणाल्या, "काकाजी, मले हे पोटात ठेववत नाही. काकूले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"बीपी वाढलं म्हनून. तुमी मले फाटकातून वापस केलं, त्याच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या भाजी घ्याले म्हनून निघाल्या अन उपकेंद्रात आल्या. मी तीन येळा पाह्यलं, अलग अलग दिवशी. तिन्ही येळा लय जास्त. मंग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरले दाखवलं, गोळ्या चालू केल्या. महिनाभर घेतल्या त्याईनं. डोकं हलकं झालं म्हने. पुढच्या गोळ्या घ्याले आल्याच नाही. मी रोवणीवर जाऊन भेटली. म्हनल्या, दर महिन्याले कुठं चालली म्हनून घरी काय सांगू? माह्यं बीपी वाढलं हे कळलं तं त्याईची नाडी वाढन. धान घरी येऊ दे, मंग पाहू."

जावयानं मान खाली घातली. काकाजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सिस्टरांकडे पाहत राहिले. त्यांना टेकून बसवायला, कोमट पाणी द्यायला कुणी उठलं नाही. ते काम ज्यांचं होतं त्या नव्हत्या.

"मले काहून नाही सांगतलं तिनं?" ते म्हणाले.

सिस्टरांनी पुन्हा डोळे पुसले. काकाजींनी मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "मले सांगाचं होतं न. काहून नाही सांगतलं?"

मुलगी जेवणाच्या पत्रावळी गोळा करायला उठली होती. हातातल्या पत्रावळी तिनं एकावर एक नीट ठेवल्या.

"तुमाले कोन काय सांगते, बाबा?" ती म्हणाली.

चिडून म्हणाली नाही. हळूच म्हणाली. त्या घरात मोठ्यानं बोलायची सवय कुणालाच नव्हती.